मोरीमास्तर

आमच्या मराठवाड्यात मोरी म्हणजे घरातली भांडी घासायची, अंघोळीची जागा. कोकणात, समुद्राकाठी, मोरी म्हणजे शार्क मासा. हे मला ऐन विशीत एका माणसानं सांगितलं आणि पुढं त्याच एका शब्दापायी त्या माणसाला जेलात जावं लागलं. निदान मला तरी तसं वाटतं. त्या सगळ्या प्रकरणाचा नीट उलगडा मला अजूनही झालेला नाही. जेवढा झाला तेवढा सांगतो.

निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. अंबड तालुक्यात गोदावरीच्या काठी एका गावात सरकारी शाळा होती, तिथं मी नवीन शिक्षक म्हणून लागलो. मी मूळचा हसनाबादचा, कोरड्या रानातला. त्या गावात सगळे गोदावरीला गंगाच म्हणायचे. राहायला काशीकाकू नावाच्या विधवा बाईंच्या घरी एक खोली मिळाली. शेजारच्या खोलीत शाळेचे ड्रॉइंग मास्तर राहायचे. पहिल्याच दिवशी मी वळकटी खाली टाकतोय, तोवर हे दारात उभे. उंच, वाळकुडे, चाळिशी उलटलेली, आणि कंबरेला धोतरावरून एक दोरी गुंडाळलेली. दोरीला वीतवीत अंतरावर गाठी.

"समुद्र बघितला का?" त्यांनी विचारलं. नाव नाही, गाव नाही.

"न्हाई बघितला."

"बराबर. बघितला असता तर वाद घातला असता तुम्ही." एवढं बोलून ते आत निघून गेले.

ते आमच्याच मुलखातल्या टेंभुर्णीचे. घरची जमीन, पिढ्यानपिढ्यांचं घर. तरुणपणी वडिलांशी कशावरून तरी बिनसलं आणि ते मुंबईला पळाले. तिथं पाट्या रंगवता रंगवता एका म्हाताऱ्या पारशी डॉक्टरच्या नजरेत भरले. डॉक्टरला माशांचा नाद. कोकणच्या किनाऱ्यापासून आत समुद्रात एक लहानसं बेट होतं. त्या बेटाभोवती कोणकोणते मासे राहतात, मोऱ्या किती खोलीवर फिरतात, कधी वर येतात, याची पाहणी करायला तो डॉक्टर होडी घेऊन गेला आणि चित्रं काढायला ह्यांना बरोबर नेलं. एक अख्खा हंगाम ते त्या बेटाभोवती फिरत होते. मग डॉक्टर वारला, होडी विकली गेली, आणि हे परत निजामाच्या मुलखात येऊन पोरांना आंबा आणि तांब्या काढायला शिकवू लागले.

ही हकीकत मी त्यांच्या तोंडून पुष्कळदा ऐकली आणि दर वेळी गोंधळलो. कधी त्या बेटावर नारळाची झाडं असायची, कधी एकही झाड नसायचं. कधी मोरी होडीपेक्षा लांब, तर कधी हातात उचलता येईल एवढी. एकदा मी धीर करून म्हणालो, "मास्तर, परवा तुम्ही सांगितलं तिथं झाडं होती म्हणून."

ते जेवता जेवता थांबले. मग म्हणाले, "झाडं वाटली असतील. मोरी मात्र दिसली. मोरीबद्दल विचारा."

दिसलं का वाटलं, हा त्यांचा रोजचा सवाल. काशीकाकू म्हणाल्या, मांजरानं दूध पिलं, की हे विचारणार, दिसलं का वाटलं? काकू पहिल्यांदा हसायच्या, मग चिडायला लागल्या. "अहो, भांडं रिकामं हाये, मांजराच्या मिशीला साय हाये, आजून काय दिसायचं राह्यलं?" मास्तर शांतपणे म्हणायचे, "म्हंजी वाटलं." शाळेतही तसंच. पोरानं आंबा काढला की विचारायचे, हा आंबा तू कुठून बघितलास? इकडून? मंग पलीकडचा डाग कसा काय काढलास? पोरं गांगरून जायची. आमचे सदर मुदर्रिस, म्हणजे हेडमास्तर, हैदराबादकडचे, पानाचे शौकीन, मोठ्या मनाचे गृहस्थ. ते म्हणायचे, "मास्तरसाहब, बच्चे हैं. आम बनाने दो." मास्तर मान हलवायचे आणि पुढच्या तासाला पुन्हा तेच.

दुसरा नाद त्या दोरीचा. वाटेत विहीर लागली की कंबरेची दोरी सोडायची, टोकाला दगड बांधायचा आणि विहिरीत सोडून खोली मोजायची. लोक ओरडायचे. कुणाची विहीर, कुणी दोर बुडवला, नाना भानगडी. एकदा एका पाटलानं त्यांना काठी घेऊन पिटाळलं. धापा टाकत घरी आले आणि मला म्हणाले, "वरून दिसती त्याच्यापेक्षा लय खोल हाये." काठीचा विषयच नाही.

असं असूनही गावाला त्यांच्याबद्दल माया होती. कुणाच्या लग्नात भिंतीवर चित्रं काढायची तर मास्तर. कुणाचा बाप वारला आणि फोटो नाही, तर मास्तर घरच्यांना विचारून विचारून चेहरा काढून द्यायचे. मात्र गणपतीच्या शेजारी, नवरानवरीच्या शेजारी, कोपऱ्यात कुठंतरी ते एक मासा काढायचे. तेवढं कुणी मनावर घ्यायचं नाही. पोरांनी त्यांना मोरीमास्तर नाव ठेवलं होतं, आणि नव्या माणसाला वाटायचं हे कुणाच्या तरी मोऱ्या बांधून देत असतील.

गावासमोर गंगेच्या पात्रात एक बेट होतं. थोडीशी बाभळ, लव्हाळं, एक शेंदूर लावलेला दगड आणि भोवती वाळू. पावसाळ्यानंतर पाणी उतरलं की दगडू नावाचा एक शेतकरी आणि त्याची बायको गयाबाई त्या वाळूत टरबुजं, काकड्या लावायचे. त्यांचं वर्ष त्यावरच निघायचं. पाण्यातून चालत जायचं, कुठं कमरेएवढं, कुठं छातीएवढं.

त्या साली टरबुजं धरायला लागली होती आणि एका सकाळी दगडू पाण्यातून ओरडत बाहेर आला. पोटरी फाटलेली, रक्ताची धार. काहीतरी चावलं होतं. माणसाएवढं होतं, काळं होतं, पायाला धरून खेचत होतं, असं तो सांगत होता. किसन भोई, जो होडी चालवायचा आणि मासे धरायचा, त्यानं छातीठोक सांगितलं की मगर. बायाबापड्यांनी सांगितलं की आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवी, कोपल्या, गयाबाईनं बेटावरच्या दगडाला औंदा साडीचोळी केली नव्हती. झालं. दगडू तापानं फणफणला आणि गावानं ठरवलं की त्या नवराबायकोनं आता बेटावर पाय ठेवायचा नाही, नाहीतर कोप सगळ्या गावावर येईल. टरबुजं वेलाला पिकायला लागली होती. गयाबाई काठावर बसून राहायची आणि समोर आपलं शेत बघायची.

मास्तर दगडूची जखम बघायला गेले, मी बरोबर होतो. त्यांनी पट्टी सोडवली आणि पोटरी उजेडाकडं वळवली. दातांच्या खुणा बारीक बारीक, दाट, कमानीसारख्या वळलेल्या. मास्तरांनी त्या कमानीवरून बोट फिरवलं.

"ही मगर न्हाई. मगरीचे दात लांब लांब लागतात," ते म्हणाले. "दगडू, दिसलं का वाटलं?"

"मास्तर, मी मरून राह्यलो होतो. काय दिसतंय मला!"

"मंग ही मोरी हाये."

घरातली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. गयाबाई म्हणाली, "मोरी तर मागच्या अंगाला हाये. तिथं कोण चावंल?"

मास्तरांनी समजावून सांगितलं. समुद्रातली काही मोरी गोड्या पाण्यात चढते. ही आपली गंगा पुढं राजमहेंद्रीवरून समुद्रालाच मिळते. वाट सरळ आहे. मला स्वतःला ते ऐकून घाबरायला झालं आणि हसूही आलं. समुद्र कुठं, अंबड तालुका कुठं! पण मास्तर हसत नव्हते. ते गयाबाईला म्हणाले, "बेटाच्या भोवती काय राहतं, कुठं राहतं, ते मी बघतो. मासा असंल तर त्याला पाणी लागतं. जिथं पाणीच न्हाई तिथं तो येत न्हाई. तुला जायला रस्ता सापडंल."

"आन आसरा असल्या तर?"

मास्तर पट्टी पुन्हा गुंडाळायला लागले. "त्या मला आजून दिसल्या न्हाईत," ते म्हणाले.

मग सुरू झाली ती पाहणी. शाळा सकाळची होती. दुपारी किसनची होडी घ्यायची, बेटाभोवती हळूहळू फिरायचं, जागोजागी गाठींची दोरी सोडून खोली मोजायची आणि तिथं एक काठी रोवायची. होडीत मी, किसन आणि ते. किसन बडबडायचा, "मास्तर, मगरच हाये ती. पाय बाहेर काढू नका." मास्तर पाण्यावर वाकून बघत बसायचे. कुठं मरळ, कुठं झिंगे, कुठं कासव, प्रत्येकाची जागा त्यांना पाहिजे होती. त्यांना इतकं आनंदात मी कधी बघितलं नव्हतं. एकदा म्हणाले, "तिथं पाणी खारं होतं, एवढाच फरक." उन्हानं माझं डोकं तापलेलं. मला त्या क्षणी खरंच वाटलं की आम्ही समुद्रात आहोत.

काठ्या पाण्यात दिसेनात, म्हणून मास्तरांनी त्यांना झेंड्यासारखी फडकी बांधायचं ठरवलं. उथळ पाणी, मधलं पाणी, खोल पाणी, तीन रंग पाहिजे होते. पळसाची फुलं उकळून काकूंच्या जुन्या लुगड्याचे तुकडे रंगवले, ते उथळ पाण्याला. स्वतःचं धोतर फाडून पांढरी फडकी केली, ती मधल्या पाण्याला. खोल पाणी हिरवं दिसतं म्हणून तिथं हिरवी. एका सुटीच्या सकाळी सगळे झेंडे लावून झाले. काठावरून बघितलं तर बेटापर्यंत केशरी झेंड्यांची वाकडीतिकडी रांग, तिच्या शेजारी पांढरे आणि पलीकडं हिरवे झेंडे वाऱ्यावर फडफडत होते.

आता ती हवा कसली होती ते सांगायला पाहिजे. हिंदुस्थान स्वतंत्र झाला होता आणि आमचं राज्य मात्र निजामाकडंच होतं. तिरंगा लावणं म्हणजे गुन्हा. रझाकार गावोगाव फिरायचे, चळवळीतली माणसं लपून राहायची, हिंदुस्थानच्या फौजा येणार म्हणून रोज नवी बातमी. आणि अशात आमच्या मास्तरांनी भर गंगेत तीन रंग लावले. तुम्ही म्हणाल, त्यांना कळलं कसं नाही? मला कळलं का? मी होडीतच होतो. आम्हाला दोघांनाही खोलीच दिसत होती.

दुपारपर्यंत काठावर माणसं जमली. पलीकडच्या काठाला रानात लपलेले काही तरुण बाहेर आले. एकानं आरोळी ठोकली, "भारतमाता की जय!" मग सगळ्यांनीच ठोकली. मास्तर होडीत उभे राहिले आणि दोन्ही हात हलवून ओरडले, "गप बसा! आवाज करू नका!" तरुणांना वाटलं, मास्तर सावध करताहेत, पोलीस जवळ आहेत. ते खाली वाकले आणि दबक्या आवाजात जय म्हणू लागले. मास्तर माझ्याकडं वळले. "हे काऊन ओरडून राह्यले? मासा पळून जाईन ना!"

आधी किसनच्या ध्यानात आलं. त्यानं झेंड्यांकडं बघितलं आणि त्याचा हात वल्ह्यावरच थांबला. "मास्तर," तो म्हणाला, "आपण मेलो."

संध्याकाळच्या आत पोलिसांचे अमीनसाहेब घोड्यावरून आले. चावडीत मास्तरांना उभं केलं. मला आणि किसनला बाजूला बसवलं. सदरसाहेब आपणहून धावत आले होते, पान थुंकायचंही विसरले होते.

"झंडे कौन लगाया?" अमीनसाहेबांनी विचारलं.

"मैं लगाया," मास्तर म्हणाले.

"कायकू?"

"पानी कित्ता गहिरा है, मालूम होने कू."

अमीनसाहेबांचे डोळे बारीक झाले. "किसको मालूम होने कू? फौज को?"

"नहीं साहब. दगडू को. और गयाबाई को."

"ये कौन लीडर हैं?"

सदरसाहेब मधे पडले. "हुजूर, मैं इन्हें बरसों से जानता हूं. आदमी निहायत शरीफ है, मगर..."

मास्तर एकदम वळून म्हणाले, "मगर नहीं, साहब! मोरी!"

अमीनसाहेबांनी सदरसाहेबांकडं बघितलं, सदरसाहेबांनी माझ्याकडं. अमीनसाहेब सावकाश म्हणाले, "मोरी? तुम दर्या में मोरी साफ कर रहे थे?"

"साफ नहीं. ढूंढ रहा था."

मला अजून आठवतं, त्या माणसाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो पार गोंधळला होता. त्याला एक सरळ गुन्हा पाहिजे होता आणि समोर काय उभं आहे ते त्याला कळत नव्हतं. मला तर वाटतं, मास्तर नुसतं चूक झाली म्हणाले असते तर दम देऊन त्यानं सोडलं असतं. पण अमीनसाहेबांनी जेव्हा म्हटलं, "झेंडे उपटून टाका आणि घरी जा," तेव्हा मास्तर म्हणाले, "केशरी राहू द्या साहेब. बाईला जायला रस्ता हाये तो." त्यावर मात्र बेड्या आल्या.

त्यांना औरंगाबादच्या जेलात नेलं. नोकरी गेली. मला आणि किसनला ताकीद देऊन सोडून दिलं. पोलिसांनी झेंडे काढायला माणसं पाठवली, पण पाण्यात फार आत कुणी जाईना. चावरं जनावर आहे हे त्यांच्याही कानावर गेलं होतं. काठाजवळचे थोडे काढले आणि बाकीचे राहिले. आणि दुसऱ्या आठवड्यात गयाबाई, कुणाला न विचारता, डोक्यावर पाटी घेऊन केशरी झेंड्यांच्या कडेकडेनं बेटावर गेली. पाणी कुठंही गुडघ्याच्या वर आलं नाही. गाव काठावरून बघत होतं. तिनं टरबुजं आणली, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, मग लंगडत लंगडत दगडूही गेला. आसरांचं नाव हळूहळू मागं पडलं.

जेलात मास्तरांना चळवळीच्या लोकांमधेच ठेवलं होतं. तिथल्या एकानं पुढं मला सांगितलं की आम्हाला तो माणूस कळलाच नाही. रोज जेलात बातमी यायची, फौज निघाली, फौज आली. सगळे आनंदानं नाचायचे आणि हे कोपऱ्यातून विचारायचे, दिसली का वाटली? काहींना वाटलं हा सरकारचा हेर आहे. काहींना वाटलं फार पोचलेला पुढारी आहे, मुद्दाम वेड पांघरतो. त्यांच्या भिंतीवर विटकरीच्या तुकड्यानं काढलेला एक मोठा मासा होता म्हणे.

भाद्रपदाच्या सुमारास फौज खरोखरच आली. निजामाचं राज्य गेलं आणि जेलं उघडली. मास्तर गावात परत आले ते सनईच्या सुरात. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. गळ्यात हार घालून त्यांना त्याच चावडीवर बसवलं. पलीकडच्या काठाचे ते तरुण आता पुढारी झाले होते. एकानं भाषण केलं, की ह्या थोर माणसानं भर गंगेत स्वातंत्र्याचं बेट उभारलं. टाळ्या पडल्या. मास्तर उठले. मी मनातल्या मनात विनवत होतो, मास्तर, काही बोलू नका, नुसते हात जोडा.

"मी ते खोली मोजायला लावले होते," मास्तर म्हणाले. "रंगाचं माझ्या ध्यानात आलं न्हाई."

लोक खळखळून हसले आणि पहिल्यापेक्षा जोरात टाळ्या पडल्या. केवढी नम्रता, असं माझ्या शेजारचा म्हातारा म्हणाला. मास्तर उभेच होते. त्यांना कळेना हे का हसतात. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, पुन्हा टाळ्या. मग ते खाली बसले आणि हार काढून मांडीवर ठेवला.

थोड्याच दिवसांत अंबडला नवे शिक्षणाधिकारी आले. नगरकडचे, तरतरीत, सभ्य. काढून टाकलेल्या शिक्षकांची चौकशी त्यांच्याकडं होती. मी मास्तरांना घेऊन गेलो. साहेब अगदी उठून उभे राहिले. म्हणाले, "तुमचं ऐकलंय मी. देशासाठी झेंडे लावले, एवढा जबाब द्या. तुमची नोकरी परत, आणि मानही."

"देशासाठी लावले न्हाई, साहेब."

"मग कशासाठी?"

"मोरीसाठी."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. त्यांना वाटलं, गटाराच्या कामावरून काही वाद आहे. मी सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "शार्क? इथं?" मग उठून भिंतीवरचा नकाशा बघून आले. शेवटी म्हणाले, "जबाब हाच राहिला तर मला काही करता येणार नाही. शाळेचं काम सोडून नदीत फिरत होते, असा अर्थ निघतो. विचार करा आणि परत या."

येताना वाटेत मी फार बोललो. काशीकाकूही बोलल्या. एक शब्द म्हणायचा, कुणाचं काय जातं? सगळ्या गावाला तसंच वाटतं. मास्तर म्हणाले, "गावाला वाटतं. लावले मी." त्यानंतर कितीतरी दिवस ते काकूंच्या ओसरीवर बसून राहिले. दोरी खुंटीला. लग्नसराई आली तरी भिंतीवर चित्र काढायला गेले नाहीत. गयाबाई येऊन म्हणाली, "मास्तर, औंदा पेरायचं हाये. पुरानं झेंडे गेले. पुन्यांदा लावता का?" ते उठून आत निघून गेले.

थंडीत पाणी निवळलं आणि एका सकाळी किसननं बेटामागच्या डोहात मोठं जाळं लावलं. जाळं ओढायला गावातली बरीच माणसं लागली. वाळूवर काय येऊन पडलं म्हणता, माणसाएवढा शिवडा मासा! चपटं डोकं, लांब मिशा, डोळ्यांच्याही मागं गेलेलं तोंड आणि तोंडात कानशीसारखे बारीक दात. गाव गोळा झालं. किसननं स्वतःच येऊन मास्तरांना हाताला धरून नेलं.

मास्तर वाळूवर गुडघे टेकून बसले. माशाचा जबडा उघडला. "दगडू, पाय आण," ते म्हणाले. दगडू मेलेल्या माशाजवळही यायला तयार नव्हता. गयाबाईनं त्याला ढकलत आणलं. मास्तरांनी त्याची पोटरी जबड्याशेजारी धरली, वणाची कमान आणि दातांची कमान ताडून बघितली. पुन्हा बघितली.

"हाच," मास्तर म्हणाले.

"मोरी ना मास्तर?" कुणीतरी कौतुकानं विचारलं. "तुमीच म्हणले होते!"

"न्हाई. शिवडा हाये. इथलाच. मला मोरी वाटली."

ते उठले. हात धोतराला पुसले. मला वाटलं आता हा माणूस मोडून पडणार. ज्या मोरीपायी जेल भोगलं, नोकरी घालवली, ती नव्हतीच. किसन हळू आवाजात म्हणाला, "मास्तर, मी पन मगर म्हणलो होतो." मास्तरांनी ऐकलं की नाही कोण जाणे. ते मला म्हणाले, "अंबडला जायचं. जबाब चुकला हाये."

दगडूनं बैलगाडी जुंपली. साहेबांच्या कचेरीत आम्ही पोचलो तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. त्यांना वाटलं, माणसाला अक्कल आली. त्यांनी मागचा कागद काढला.

"साहेब," मास्तर म्हणाले, "मोरीसाठी लावले असं मी म्हणलो होतो. मोरी नव्हती. शिवडा होता. तेवढं दुरुस्त करा."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं, मग दगडूकडं. "म्हणजे," ते एकेक शब्द जुळवत म्हणाले, "झेंडे देशासाठी नव्हते. मोरीसाठी होते. आणि मोरीही नव्हती."

"बराबर."

"मग ह्या सगळ्यात खरं काय निघालं?"

मास्तर विचारात पडले. त्यांना एवढा वेळ लागला की बाहेरचा शिपाई आत डोकावून गेला. "खोली," ते म्हणाले. "खोली बराबर निघाली."

दगडू मागून म्हणाला, "साहेब, माझी बायको त्या झेंड्यांवरून जात होती. सगळा उन्हाळा. गुडघ्याच्या वर पाणी न्हाई लागलं."

साहेबांनी दौत पुढं ओढली. मग त्यांनी लिहिलं आणि मास्तरांच्या आग्रहावरून वाचूनही दाखवलं. सदर शिक्षकाने गावकऱ्यांच्या सोयीसाठी नदीची खोली मोजली, ती बरोबर निघाली, सबब त्यांना कामावर घ्यावे. मास्तरांनी सही केली. मला रडू आवरेना, म्हणून मी आधीच बाहेर येऊन बैलांपाशी उभा राहिलो.

गाडी गावाच्या वाटेला लागली. दगडू खुशीत होता, बैलांना पळवत होता. मी म्हणालो, "मास्तर, सुटलात एकदाचे." त्यांच्या कपाळाला आठ्या. अंबडची शेवटची घरं मागं पडली आणि ते एकदम म्हणाले, "दगडू, गाडी थांबव."

"काय झालं मास्तर?"

"खोली बराबर निघाली ती उन्हाळ्यातली. मधे पूर येऊन गेला. वाळू सरकली असंल. आज ती खोली तिथं न्हाई. तसं लिहायला पायजे होतं."

"अहो, त्यानं काय होतंय?" मी जवळजवळ ओरडलो. "साहेबाचं डोकं फिरंल. दिलेली नोकरी काढून घेईन तो!"

ते गाडीतून उतरले होते. धोतर सावरत, लांब लांब ढांगा टाकत अंबडकडं चालायला लागले होते. दगडूनं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं बघितलं. मग त्यानं कासरा ओढला आणि गाडी मागं वळवली.